सिंहाच्या तोंडचं पाणी

सिंगापूरला जाऊन आलेल्या मराठी घरात एक फोटो हमखास सापडतो. घरातलं कुणीतरी आ वासून उभं आहे आणि मागच्या पांढऱ्या सिंहाच्या तोंडातून पडणारी पाण्याची धार बरोबर त्या उघड्या तोंडात शिरते आहे. हा कोन साधायला फोटो काढणाऱ्याला गुडघे टेकावे लागतात, कधी तर चक्क जमिनीवर आडवं व्हावं लागतं. मर्लायन पार्कच्या पाण्यात शिरलेल्या कट्ट्यावर कुठल्याही सकाळी जावं, निरनिराळ्या देशांची माणसं एकाच वेळी आ वासून उभी असतात. फोटो निघतो, मोबाइलमध्ये पाहिला जातो, डोळे मिटले म्हणून पुन्हा काढला जातो. मग माणसं मान वर करून त्या पुतळ्याकडे पहिल्यांदा नीट बघतात. “एवढाच?” असं कुणीतरी म्हणतं, आणि तोवर बसकडे चला म्हणून झेंडा हलायला लागलेला असतो.

पुतळा ८.६ मीटर उंच आहे, म्हणजे आपल्याकडच्या तीन मजली इमारतीच्या आसपास. धड माशाचं, डोकं सिंहाचं, नाव मर्लायन. मागे बँकांच्या उंचच उंच इमारती, समोर पाण्यापलीकडे मरीना बे सँड्सचे तीन मनोरे आणि त्यांच्या डोक्यावर आडवी ठेवलेली ती नाव. या सगळ्यांमध्ये सिंह आणखी लहान दिसतो. फोटोत तो मोठा दिसतो, कारण फोटो खालून काढलेला असतो आणि मागे फक्त आभाळ ठेवलेलं असतं. माहितीपत्रकात तोच फोटो, व्हिसाच्या पाकिटावर तोच, फ्रीजवरच्या मॅग्नेटवर तोच. सिंगापूरला न गेलेल्या माणसानेही तो सिंह इतक्या वेळा पाहिलेला असतो की प्रत्यक्ष भेटीत नवं काही उरत नाही, फक्त उंची कमी झालेली असते.

घरी परतल्यावर हे कुणी बोलत नाही. चौघांच्या कुटुंबाचा सिंगापूरचा खर्च लाखांत जातो. नोकरदार घरात एवढे पैसे एका वर्षात उभे राहत नाहीत. कुठेतरी मुदत ठेव मोडलेली असते, कुणाच्या तरी दागिन्यांचा बेत पुढे ढकललेला असतो. रजा, मुलांच्या सुट्ट्या, व्हिसाचे फोटो, नव्या बॅगा, थेपले आणि चिवड्याची पाकिटं, निघताना थोरल्यांना वाकून केलेला नमस्कार. एवढं सगळं करून आलेल्या माणसाला सोसायटीच्या गेटपाशी कुणी विचारतं, “कसं होतं सिंगापूर?” तेव्हा तो म्हणतो, “मस्त! रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही.” हे खरंच असतं. पण कागदाचा कपटा न दिसणं पाहायला तो साडेपाच तासांचं विमान करून गेलेला नसतो. आपला हिरमोड झाला असं म्हणायची त्याला सोय नसते. म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटणार, याला पाहायची दृष्टी नाही. हळूहळू त्यालाही तसंच वाटायला लागतं.

मला वाटतं, या हिरमोडावर विश्वास ठेवायला हवा. ज्याने पैसे साठवून, मनात चित्र रंगवून एखादं ठिकाण गाठलं आणि ज्याला तिथे काहीतरी उणं वाटलं, त्याचा डोळा बहुतेक वेळा बरोबर असतो. सिंगापूरच्या बाबतीत तर तो बरोबर आहे हे खुद्द सिंगापूर सरकारने चाळीस वर्षांपूर्वी मान्य केलेलं आहे. ती हकिगत पुढे सांगतो.

जगात अशा जागा पुष्कळ आहेत. कोपनहेगनच्या किनाऱ्यावरची जलपरी जेमतेम सव्वा मीटरची आहे, ब्रसेल्सचा मॅनेकन पिस हा पुतळा तर आपल्या गुडघ्याच्या थोडा वर येईल एवढाच. निराश करणाऱ्या स्थळांच्या गप्पा निघाल्या की या दोघांच्या पंगतीत मर्लायनलाही नेहमी बसवलं जातं. पॅरिसला येऊन मनाने कोसळलेल्या जपानी प्रवाशांवर तिथे उपचार करणारे हिरोआकी ओता या जपानी मानसोपचारतज्ज्ञाने तर अशा धक्क्याला ‘पॅरिस सिंड्रोम’ असं नावच दिलं. पण जलपरी आणि मॅनेकन पिस यांच्यात आणि मर्लायनमध्ये मोठा फरक आहे. ती दोन शिल्पं आधी त्या शहरांची होती, पर्यटक नंतर आले. मर्लायन जन्माला आला तोच पर्यटकांसाठी.

सिंगापूरचं पर्यटन मंडळ १ जानेवारी १९६४ रोजी सुरू झालं. त्या वर्षी साऱ्या सिंगापुरात आलेले पाहुणे एक लाखाच्याही आत होते. मंडळाला एक बोधचिन्ह हवं होतं. ते ॲलेक फ्रेझर-ब्रुनर यांनी काढून दिलं. हे गृहस्थ मत्स्यतज्ज्ञ होते, तिथल्या व्हॅन क्लीफ मत्स्यालयाचे प्रमुख. सांग निला उतामा नावाच्या राजपुत्राला या बेटावर उतरल्यावर सिंह दिसला आणि त्यावरून बेटाला नाव मिळालं, अशी मलय बखरीत कथा आहे. सिंह या भागात कधीच नव्हते, त्यामुळे राजपुत्राने पाहिला असला तर तो वाघ असावा असं अभ्यासक म्हणतात. कथेतला सिंह आणि मूळच्या कोळीवस्तीचा मासा एकत्र करून चिन्ह तयार झालं. १९६६ मध्ये त्याची ट्रेडमार्क म्हणून नोंद झाली. कुठल्या देवळात, कुठल्या सणात, कुठल्या आजीच्या गोष्टीत हा प्राणी पूर्वी नव्हता. आधी बोधचिन्ह, मग पुतळा असा त्याचा क्रम.

पुतळा घडवला लिम नांग सेंग या शिल्पकाराने. नोव्हेंबर १९७१ मध्ये काम सुरू झालं, ऑगस्ट १९७२ मध्ये संपलं. वजन ७० टन. पंतप्रधान ली क्वान यू यांनी १५ सप्टेंबर १९७२ रोजी त्याचं उद्घाटन केलं, तेव्हा तो सिंगापूर नदीच्या मुखाशी, येणाऱ्या बोटींच्या तोंडावर उभा होता. त्या जागेला अर्थ होता. पुढे १९९७ मध्ये एस्प्लनेड पूल बांधला गेला आणि पुतळा पुलाच्या मागे पडला, समोरच्या किनाऱ्यावरून दिसेनासा झाला. पुढल्याच वर्षी पंप बिघडला आणि सिंहाच्या तोंडचं पाणीही बंद पडलं. शेवटी एप्रिल २००२ मध्ये ते ७० टनांचं धूड उचलून १२० मीटर अंतरावर, आजच्या जागी आणलं गेलं. नव्या जागेचं उद्घाटनही १५ सप्टेंबरलाच, ली क्वान यू यांच्याच हस्ते झालं. २००८ मध्ये मरीना बराज हा बंधारा पुरा झाला आणि खाडीचं रूपांतर गोड्या पाण्याच्या जलाशयात झालं. म्हणजे समुद्राकाठच्या कोळीवस्तीची आठवण म्हणून ज्याला माशाचं शेपूट दिलं, तो आता शहराच्या पिण्याच्या पाण्याच्या तलावाकाठी उभा आहे.

त्याच्या पाठीशी, जवळजवळ कुणाच्याच फोटोत न येणारं, त्याचं एक पिल्लू आहे. दोन मीटर उंच, तीन टनांचं, लिम नांग सेंग यांनीच घडवलेलं. त्याच्या अंगावरचे खवले जवळून पाहावेत, चिनी मातीच्या बश्या लावून ते केलेले आहेत. डोळ्यांच्या जागी चहाचे छोटे लाल कप. घरातल्या फडताळात असावं असं ते साहित्य पाहिलं की हे कुणा माणसाने हातांनी केलेलं आहे हे एकदम जाणवतं. मोठ्या पुतळ्याने निराश झालेलं माणूस या पिल्लाजवळ रेंगाळतं, त्याच्या खवल्यांवरून हात फिरवतं, असं मी तिथे पाहिलं आहे. पण ते मागे आहे आणि वेळ थोडा असतो.

सेंटोसा बेटावर आणखी एक मर्लायन होता, ३७ मीटर उंचीचा, आत लिफ्ट असलेला, माथ्यावरून समुद्र दाखवणारा. १९९०च्या दशकाच्या मध्याला तो उभारला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये बंद करून नंतर पाडला. काका-मावशींच्या जुन्या अल्बममध्ये तो मोठा सिंह पाहिलेली पुढची पिढी आता जाते तेव्हा सेंटोसात त्याला शोधते. त्या जागी आता बगिच्यांचा नवा रस्ता आहे.

आता ती चाळीस वर्षांपूर्वीची हकिगत. १९६५ मध्ये सिंगापूर स्वतंत्र झालं तेव्हा जुन्या शहराच्या मध्यात दाटीवाटीच्या चाळी होत्या, एकेका खोलीत अनेक कुटुंबं, नदी तर गटारासारखी. सरकारने लोकांना नव्या वसाहतींत घरं दिली, जुन्या वस्त्या पाडल्या, १९७७ पासून दहा वर्षं खपून नदी साफ केली. मालाच्या होड्यांनी भरलेला ‘बोट की’ हा नदीकाठचा धक्का रिकामा झाला. तिथे राहणाऱ्यांच्या दृष्टीने हे भलंच झालं. मुंबईच्या चाळीत नळावरच्या भांडणांत ज्यांची हयात गेली, त्यांना नव्या घरातल्या नळाची किंमत वेगळी सांगायला नको. पण १९८३ मध्ये अचानक पर्यटकांची संख्या साडेतीन टक्क्यांनी घसरली. जवळजवळ दोन दशकं चढत गेलेला आकडा पहिल्यांदा खाली आला. कारणं शोधायला १९८४ मध्ये एक कृतिदल नेमलं गेलं. त्याचा निष्कर्ष असा की जुन्या इमारती, पारंपरिक धंदे, रस्त्यावरचं जगणं हे सगळं आपणच पुसून टाकलं, आणि पाहुणे येत होते ते नेमकं तेच पाहायला.

एखाद्या सरकारने पर्यटकाच्या हिरमोडाचं निदान करून ते स्वतःच्या अहवालात लिहावं, हे मला फार मोठं वाटतं. आपल्याकडे घाटरस्त्याला टपऱ्यांनी गिळलं, लेण्यांसमोर वाहनतळाचं मैदान झालं, तरी असा अहवाल निघत नाही. सिंगापूरने १९८६ मध्ये सुमारे शंभर कोटी सिंगापूर डॉलरची योजना आखली. १९८९ मध्ये चायनाटाउन, लिटल इंडिया, कांपोंग ग्लाम हे भाग जतनक्षेत्र म्हणून जाहीर झाले. आज त्या रंगीत दुमजली दुकानघरांसमोर आपण जे फोटो काढतो ती घरं त्या निर्णयामुळे उभी आहेत. लिटल इंडियात तान तेंग निया या चिनी व्यापाऱ्याचं १९०० सालचं बहुरंगी घर आहे, ते त्यातलंच.

पण त्याच काळात दुसराही एक मार्ग धरला गेला. गेलेलं परत बांधायचं. बुगिस स्ट्रीट हा रात्रभर जागणारा, तृतीयपंथीयांच्या मेळ्यामुळे खलाशांपासून लेखकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक असलेला रस्ता होता. मेट्रोसाठी तो १९८०च्या दशकात पाडला. १९९१ मध्ये जवळच त्याची नवी प्रतिकृती उभारली, पण माणसं परत आली नाहीत. आज तिथे स्वस्त कपड्यांचा आणि की-चेनांचा बाजार आहे. हॉ पार व्हिला ही टायगर बामवाल्या ऑ बून हॉ यांनी १९३७ मध्ये बांधलेली बाग. चिनी पुराणकथांतले देव, राक्षस, नरकाचे दहा दरबार, सगळं सिमेंटमध्ये भडक रंगवलेलं, आणि लोकांना फुकट खुलं. १९९०मध्ये कोट्यवधी डॉलर घालून तिचं ‘ड्रॅगन वर्ल्ड’ केलं, बोटींच्या राइड आल्या, तिकीट आलं. लोक कमी होत गेले आणि शेवटी बाग पुन्हा विनातिकीट करावी लागली. जुरोंगमधली ‘तांग डायनॅस्टी सिटी’ तर प्राचीन चिनी राजधानीची अख्खी नक्कल होती. १९९२मध्ये उघडली, १९९९मध्ये बंद झाली. पाहुण्याला खोटं कळतं. सांगता आलं नाही तरी कळतं.

१९९३ मध्ये विल्यम गिब्सन हा विज्ञानकथाकार ‘वायर्ड’ मासिकासाठी सिंगापूरला गेला आणि त्याने लेखाच्या शीर्षकातच या शहराला देहदंड असलेलं डिस्नेलँड म्हटलं. सिंगापूरने मासिकावर बंदी घातली. तो लेख मला एकांगी वाटतो. नीटनेटकेपणाचा कंटाळा यायला आधी नीटनेटकेपणा भरपूर मिळालेला असावा लागतो. नागपूरहून किंवा इचलकरंजीहून गेलेल्या बाईला रात्री अकराला एकटीने बसस्टॉपवर निर्धास्त उभं राहता येतं, याचं मोल गिब्सनच्या हिशेबात आलेलं नाही. आपल्या माणसांचा हिरमोड वेगळ्या जातीचा आहे.

तो कसा घडतो? सिंगापूर आपल्या मनात फार आधीपासून बांधलं गेलेलं आहे. १९६०मध्ये शम्मी कपूरचा ‘सिंगापूर’ आला. पु. ल. देशपांड्यांच्या ‘पूर्वरंग’ने पूर्वेकडच्या देशांची ओढ मराठी घराघरांत पोहोचवली. २००६च्या ‘क्रिश’ने मुलांना ते शहर दाखवलं. शिवाय आपल्या शहराचं सिंगापूर करून दाखवू, हे भाषणातलं आश्वासन. इतक्या वेळा ऐकलेलं शहर प्रत्यक्षात तीन रात्रींत बसवलं जातं, पुढे मलेशिया, कधी थायलंडही असतं. तीन रात्रींत काय येतं? सिटी टूर, सेंटोसा, युनिव्हर्सल स्टुडिओ, गार्डन्स बाय द बे, नाइट सफारी. सिटी टूरमधली बरीचशी ठिकाणं ‘फोटो स्टॉप’ असतात. हा धंद्यातला शब्द आहे आणि तो प्रामाणिक आहे. बस थांबते, फोटो होतो, बस निघते.

त्यात काही गोष्टी छापलेल्या फोटोत असतात आणि आपल्या वाट्याला नसतात. मरीना बे सँड्सच्या छतावरचा दीडशे मीटर लांबीचा तलाव, ज्याच्या काठाशी पाणी थेट आभाळात सांडतं असं वाटतं, तो फक्त त्या हॉटेलात उतरलेल्यांसाठी आहे. बाकीच्यांनी तिकीट काढून वर जायचं आणि बाजूच्या गच्चीवरून शहर पाहायचं. चांगी विमानतळावरच्या ‘ज्युएल’मधला चाळीस मीटरचा धबधबा इमिग्रेशनच्या बाहेर आहे, त्यामुळे पुढचं विमान पकडायच्या घाईत असलेल्याला तो चुकतो. नाइट सफारी १९९४ पासून चालू आहे आणि मला ती मनापासून आवडते, पण वाघ समोर येऊन उभा राहील असं मुलांना सांगून नेलं तर मुलं रडवेली होतात. अंधार असतो, प्राणी आपल्या मर्जीने येतो किंवा येत नाही. गार्डन्स बाय द बेमधलं क्लाउड फॉरेस्ट मात्र कुणाला निराश करत नाही. काचेच्या घुमटात पस्तीस मीटरवरून पडणारं पाणी आणि गारवा. तिथे आपल्या मंडळींना आंबोलीची आठवण होते आणि ती मोठ्याने सांगितली जाते.

आणि मग लिटल इंडिया. मराठी प्रवाशाच्या मनातली सर्वांत उघड नाराजी इथली. हॉटेल बरेचदा याच भागात मिळतं, कारण भारतीय जेवण जवळ. सेरंगून रोडवर फुलांच्या माळा, उदबत्तीचा वास, पानाचे डाग पडू नयेत म्हणून लावलेल्या पाट्या, दोसा, मुस्तफा सेंटरमध्ये रात्री उशिरापर्यंत चाललेली चॉकलेटांची आणि परफ्युमची खरेदी. इतक्या लांब आलो ते पुन्हा माटुंग्यात उतरायला का, असं वाटून माणसं वैतागतात. वैताग समजण्यासारखा आहे. पण त्या हॉटेलापासून आणि मुस्तफापासून चालत जाण्याच्या अंतरावर फॅरर पार्क आहे, आणि तिथे काय झालं हे बसमध्ये सांगितलं जात नाही.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी ब्रिटिशांनी सिंगापूर जपान्यांच्या स्वाधीन केलं. दोनच दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, युद्धकैदी झालेल्या हिंदी सैनिकांना गोऱ्या सैनिकांपासून वेगळं करून फॅरर पार्कच्या मैदानात जमवलं गेलं. एके काळी घोड्यांच्या शर्यती होत ते मैदान. संख्या सुमारे पंचेचाळीस हजार. जपानी अधिकारी फुजिवारा बोलले, कॅप्टन मोहन सिंग बोलले, आणि आझाद हिंद सेनेची सुरुवात त्या मैदानात झाली. ब्रिटिश फौजेत राहिलेले आणि कैदेत हाल सोसणारेही त्याच गर्दीत होते. ज्या मातीवर हा पेच हजारो घरांच्या मुलांपुढे उभा राहिला, तिच्याजवळून आपण चॉकलेटांच्या पिशव्या घेऊन हॉटेलवर परततो. दोष त्या पिशवीवाल्याचा नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

मर्लायनजवळही तेच. पुतळ्याला पाठ करून ज्युबिली ब्रिज या पायी जायच्या पुलावरून पलीकडे गेलं की काटेरी फणसाच्या आकाराची एस्प्लनेड नाट्यगृहं लागतात आणि त्यांच्यापुढे एस्प्लनेड पार्क. सावकाश चालणाऱ्यालाही दहा-पंधरा मिनिटं पुरतात. बागेत झाडाखाली एक साधीशी खूण आहे. आझाद हिंद सेनेच्या हुतात्म्यांचं स्मारक तिथे होतं. नेताजी सुभाषचंद्र बोसांनी ८ जुलै १९४५ रोजी त्याची कोनशिला बसवली. इत्तफाक, एतमाद, कुर्बानी हे शब्द त्यावर होते. जपानची शरणागती झाली, ब्रिटिश परतले आणि माउंटबॅटन यांच्या आदेशावरून सप्टेंबर १९४५ मध्ये ते स्मारक पाडलं गेलं. काही आठवड्यांचं आयुष्य. युद्धसमाप्तीला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९९५मध्ये, सिंगापूरने त्या जागी ही खूण उभारली.

तिथून समोर दिसतं ते पाडांगचं हिरवंगार मैदान आणि त्यापलीकडे जुनं सिटी हॉल, जे २०१५ पासून राष्ट्रीय कलादालन आहे. त्याच इमारतीपुढे ५ जुलै १९४३ रोजी नेताजींनी सेनेची मानवंदना घेऊन दिल्लीकडे कूच करण्याचा नारा दिला. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला कॅथे इमारतीत आझाद हिंदचं हंगामी सरकार जाहीर झालं. त्याच महिन्यात सिंगापुरातच झाशीच्या राणीच्या नावाच्या पलटणीचं शिबिर सुरू झालं. तिच्या प्रमुख लक्ष्मी स्वामिनाथन याच शहरात डॉक्टरकी करत होत्या. ताराबाई आणि अहिल्याबाईंच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या मुलींना हे या मैदानाच्या कडेला उभं राहून सांगता आलं तर सेंटोसाच्या कुठल्याही राइडपेक्षा ते त्यांच्या लक्षात राहील, याबद्दल मला शंका नाही.

आणि या सगळ्यात एक मराठी नाव अगदी मध्यभागी आहे. जगन्नाथराव भोसले, सावंतवाडीकडच्या तिरोडे गावचे. आझाद हिंद सेनेच्या सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांपैकी ते एक, हंगामी सरकारातही होते. स्वातंत्र्यानंतर रत्नागिरीतून लोकसभेत गेले, केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. मुंबईत मंत्रालयाजवळ, यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठान ज्या रस्त्यावर आहे, तो जनरल जगन्नाथराव भोसले मार्ग. रोज हजारो माणसं त्या रस्त्याने जातात. त्यांपैकी कितीतरी सिंगापूरला जाऊन आलेली असतात, पाडांगच्या कडेकडेने बसमधून गेलेली असतात.

यापेक्षाही जुनं पाहायचं असेल तर तेही तिथेच, पाडांगच्या पाठीमागे आहे. सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल ही शुभ्र वास्तू भारतातून काळ्या पाण्यावर पाठवलेल्या कैद्यांच्या श्रमातून उभी राहिली आणि १८६२मध्ये तिची विधिवत प्रतिष्ठापना झाली. १८२५ पासून १८७३ पर्यंत हे कैदी सिंगापुरात आणले गेले, मद्रास, बंगालचे आणि मुंबई इलाख्यातलेही. रस्ते, पूल, दीपस्तंभ, आजचं राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान, पुष्कळ काही त्यांनी बांधलं. कॅथीड्रलच्या भिंतींचा गिलावा चुन्यात अंड्याचा पांढरा भाग आणि गूळसाखर घालून, नारळाच्या सोडणाचं पाणी वापरून केलेला आहे. भिंतीजवळ जाऊन हात लावावा. संगमरवरासारखी गुळगुळीत लागते. आपल्या जुन्या वाड्यांचा चुना ज्याने पाहिला आहे त्याला ही कारागिरी ओळखीची वाटेल. यासाठी तिकीट नाही. १८५९ मध्ये स्थापन झालेल्या बोटॅनिक गार्डन्सलाही तिकीट नाही, आणि ती २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. रबराच्या झाडाला इजा न करता चीक कसा काढायचा ते हेन्री रिडली यांनी तिथे शोधून काढलं आणि साऱ्या मलायाचं अर्थकारण बदललं. कोकणात रबराची लागवड केलेल्या बागायतदाराला तिथे अर्धा दिवस कमी पडेल.

२०२४ मध्ये सिंगापूरला गेलेल्या भारतीयांची संख्या बारा लाखांच्या घरात होती. चीन आणि इंडोनेशियाच्या खालोखाल आपण. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाचं म्हणणं ऐकलं जातं. तिथलं पर्यटन मंडळ मुंबईत येऊन आपल्या कंपन्यांशी बोलतं, चित्रपटवाल्यांना मदत करतं, जैन जेवणापर्यंत सगळी सोय पाहिली जाते. आपण मागितलं ते मिळालं आहे. आझाद हिंद सेनेची खूण आपण मागितलेली नाही, म्हणून ती कार्यक्रमात नाही.

मराठी सहली नेणाऱ्या मंडळींना माझी विनंती साधी आहे. या धंद्याने आपल्याकडच्या अशा लाखो माणसांना जग दाखवलं आहे, ज्यांच्या आधीच्या पिढ्या पंढरपूर आणि काशीपलीकडे गेल्या नव्हत्या. टूर मॅनेजर मुलगा किंवा मुलगी बसमध्ये माइक हातात घेऊन तासन्‌तास बोलते, अंताक्षरी घेते, ज्येष्ठांची औषधं सांभाळते. तिच्या हातात दोन पानांचं टिपण दिलं तर ती फॅरर पार्कची गोष्ट हॉटेलच्या वाटेवर सांगू शकते. मर्लायनपाशी बस उभी करायची त्याऐवजी मंडळींना ज्युबिली ब्रिजवरून चालत पलीकडे न्यायचं आणि बस एस्प्लनेडच्या बाजूला बोलवायची, एवढा बदल पुरे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी बस आहेच. उन्हाळी सुट्टीच्या सहलींच्या तारखा दिवाळीनंतर लागतात आणि नोंदणी डिसेंबरात जोरात असते. नोंदणी करायला जाल तेव्हा काउंटरवर विचारा, एस्प्लनेड पार्क कार्यक्रमात आहे का. नाही म्हणाले तर का नाही, तेही विचारा.